उलटा बसलेला पंखा

सानछोंग,
६ ऑक्टोबर २००२

चि. बोशान यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. तू ठीक आहेस, वारा फार आहे आणि सार्जंट ओरडतो, एवढं कळलं. बाकीचं काय, लष्करी गुपित आहे का रे? आई ते पत्र उलटसुलट करून बघत होती. म्हणाली, लिहायला वेळ तरी देतात की नाही पोराला. मी म्हटलं, वेळ देतात गं, अक्कल त्यांच्याकडेही शिल्लक नसेल.

आता चांगली बातमी. तुझा कॉम्प्युटर (म्हणजे माझाच, भोकं पाडलीस म्हणून तुझा होत नाही) आता मध्येच मान टाकत नाही. आधी दुपारचं ऊन चढलं की तापून गप्प व्हायचा आणि माझी जुळवत आणलेली लग्नपत्रिका जायची पाण्यात. तू जाण्याआधी बाबांच्या कामाच्या टेबलावर त्याच्या पत्र्याच्या डब्याला एक वरून आणि एक बाजूने अशी भोकं पाडून पंखे बसवलेस, तेव्हापासून एकदाही बंद पडला नाही. छापखान्याचे मालक खूश आहेत. लग्नसराई तोंडावर आहे, तेव्हा मला नवीन वर्षापर्यंत डोकं वर काढायला फुरसत नाही.

आवाज मात्र विचारू नकोस. आई म्हणते, घरात वादळ पाळलंय. आणि एक गंमत. यंत्राने गुणी राहावं म्हणून खाऊचं हिरवं पाकीट ठेवतात ना, ते मी नेहमीसारखं डब्याच्या डोक्यावर ठेवलं. तुझ्या वरच्या पंख्याने ते असं आत ओढून धरलं की भोकच बंद झालं आणि यंत्र तापून बोंबलायला लागलं. आता पाकीट स्क्रीनशेजारी बसतं. डबा तू सांगितलास तिथेच आहे, बाबा गेल्यावर त्यांच्यासाठी मांडलेल्या देव्हाऱ्याला लागून असलेल्या टेबलावर. घरातली तेवढीच जागा थंड, हे तुझं म्हणणं खरं आहे.

आता जरा कान इकडे कर. स्टेशनवर तू मला जे सांगितलंस ते माझ्या पोटात अजून तसंच आहे, पचत नाही. बाहेरच्या बेटांवर आपणहून कोण जातं असं अधिकाऱ्यांनी विचारल्यावर शहाण्याने हात वर केला, आणि घरी येऊन आईला सांगितलं की चिठ्ठीत किन्मेन बेट निघालं! नेमणुकीच्या चिठ्ठ्या काढायच्या आदल्या दिवशी आईने बाबांच्या नावाच्या पाटीपुढे अख्खी कोंबडी ठेवून मागणं घातलं होतं, की पोराला समुद्रापार जाऊ देऊ नका. कौलाची लाकडं टाकली, एक पालथं आणि एक उताणं पडलं. म्हणजे बाबांचा होकार. आणि दुसऱ्या दिवशी तू तोंड पाडून आलास. हल्ली ती बाबांचं नाव काढत नाही. उदबत्ती लावते, ताट ठेवते, पण त्यांच्याशी पूर्वीसारखं बोलत नाही. मला हे बरं दिसत नाही.

कळावे. लोभ आहे, म्हणूनच एवढं बोलले.
ताई सूच्यिन

—

किन्मेन,
२१ ऑक्टोबर २००२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चार ओळींबद्दल माफी. ही घे चाळीस.

भोकं पाडणं म्हणजे नुसतं ड्रिल फिरवणं असं तुला वाटत असेल. आधी आतलं सगळं उचकटून माझ्या गादीवर मांडलं, कारण पत्र्याचा कीस आत राहिला तर यंत्र कायमचं गेलंच समज. मग कागदाचा गोल चिकटवला, त्याच्या कडेने बारीक बारीक भोकं घेतली, ती बाबांच्या करवतीने जोडली आणि मधली चकती ठोकून काढली. पत्रा कापताना जो चीत्कार निघतो तो ऐकून शेजारच्या काकू खाली बघायला आल्या होत्या. शेवटी कडा घासायला बाबांची कानस घेतली. ती एकाच बाजूने झिजलेली आहे, बाबा डावखुरे होते म्हणून. माझ्या हातात ती नीट बसेना. बाबा असते तर त्यांनी माझ्या हातून घेऊन चुटकीसरशी केलं असतं, असं मनात आलं.

वरचा पंखा मी मुद्दाम आत वारा ओढणारा बसवला आहे. बाकीचे लोक तो गरम हवा बाहेर फेकायला बसवतात. पण तुझा प्रोसेसर बरोबर त्या भोकाखाली येतो. म्हटलं, थंड वारा थेट त्याच्या डोक्यावर पडू दे. ही माझी स्वतःची युक्ती, तेव्हा जरा कौतुक कर.

हात का वर केला ते तुला सांगायला हवं. बाबा गेल्यापासून आई जेवायला बसताना चार वाट्या मांडायची, आणि मग एक उचलून परत कपाटात ठेवायची. आपण खाली मान घालून भात गिळायचो. मला ते बघवेना ताई. लांब जायला निमित्त हवं होतं, ते त्या दिवशी समोरून चालत आलं. तुला तिथे एकटीला टाकून मी पळून आलो, हे खरं. वाईट वाटतं. पण तोंडाने सांगायचं धैर्य झालं नाही, आणि चिठ्ठीचं निमित्त तयारच होतं.

आईला तू सांगू नकोस. जानेवारीअखेर आपल्या चांद्र नवीन वर्षाच्या सुट्टीत आलो की मीच सांगेन. इथे सगळं ठीक आहे. धुकं पडलं की विमान येत नाही, मग पत्रंही अडकतात.

लोभ कमी करू नये, ही विनंती.
तुझा,
बोशान

—

सानछोंग,
२४ नोव्हेंबर २००२

चि. बोशान यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या युक्तीचं कौतुक करायला बसले आहे. जरा सावरून बस.

गेल्या आठवड्यात वरचा पंखा घरघरायला लागला म्हणून मी डबा उघडला. आत सगळीकडे करडा भुगा. बोटावर घेतला तर राख. वास घेतला तर देवळात गेल्यासारखा. मला काही उमगेना. मग संध्याकाळी आईने बाबांना उदबत्ती लावली तेव्हा मी काम सोडून बघत राहिले. धूर दोन बोटं वर चढला, वाकला, आणि सरळ तुझ्या भोकात शिरला. सगळाच्या सगळा. बाबांच्या पाटीकडे एक रेघसुद्धा गेली नाही. धुराने बोलावल्याशिवाय बाबा जेवायला येणार कसे?

मी आईकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. चहा घेणार का म्हणून विचारलं आणि आत निघून गेली. म्हणजे तिला हे ठाऊक आहे. केव्हापासून, ते देव जाणे.

त्यानंतर ती पुढच्या खोलीत उदबत्ती लावतच नाही. ताट आणि उदबत्त्या घेऊन गच्चीवर जाते, या पावसात, छत्री धरून. मी खाली पत्रिका जुळवत असते आणि वरून कौलाची लाकडं सिमेंटवर पडल्याचा आवाज येतो. पुन्हा पडतात. पुन्हा पडतात. खाली येते तेव्हा तोंड उतरलेलं असतं. वर कशाला जातेस म्हणून विचारलं तर म्हणते, वर हवा बरी असते. कौल काय आला विचारलं तर म्हणते, तू तुझं काम कर.

आणि मी माझं काम करते, बोशान. हेच मला खातंय. यंत्र बंद करून दुसऱ्या खोलीत हलवायचं, एवढंच करायचं होतं. पण पत्रिकांचा ढीग पडलाय, मालकांचा रोज फोन येतो, आतल्या खोलीत ते पुन्हा तापेल अशी भीती वाटते. आज नको, उद्या बघू, असं करत करत मी तिला पावसात वर जाऊ देते आहे. बाबा उपाशी राहतात म्हणून ती झुरते, आणि मी दुसऱ्यांच्या लग्नाची सोनेरी अक्षरं सरळ करत बसते. मुलगी म्हणवून घ्यायची लाज वाटते.

काहीतरी उपाय लिही. पंखा काढून टाकू का?

लोभ ठेव, मी तो ठेवण्यासारखी वागत नसले तरी.
ताई

—

किन्मेन,
५ डिसेंबर २००२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

धुक्यामुळे तुझं पत्र उशिरा मिळालं. मिळाल्यापासून जेवण गोड लागत नाही.

पंखा काढू नकोस, उलटा कर. कोपऱ्यांतले स्क्रू काढायचे, पंखा पालथा करायचा, पुन्हा तेच स्क्रू लावायचे. पंख्याच्या कडेवर एक बाण कोरलेला आहे, तो आभाळाकडे दिसला पाहिजे. मग तो हवा बाहेर फेकेल आणि धूर उलट वरच ढकलला जाईल. चहा गार व्हायच्या आत होणारं काम आहे. हे पत्र हातात पडताच कर, पत्रिका गेल्या खड्ड्यात.

माझं मलाच कळत नाही मी काय विचार करत होतो. डबा देव्हाऱ्याला चिकटवून ठेव असं मीच सांगितलं. त्याच्या वरच्या पत्र्याची उंची उदबत्तीच्या भांड्याएवढी येते, हे मला दिसत होतं. प्रोसेसरच्या डोक्यावर वारा पडेल की नाही याचा विचार केला, आणि बाबांच्या तोंडचा घास जातो याचा केला नाही. तोही त्यांच्याच करवतीने भोक पाडून. आईने त्या कापण्याच्या आवाजात बाजूला बसून मला संत्रं सोलून दिलं होतं.

तिला गच्चीवर जाऊ देऊ नकोस. जिना ओला असतो.

लोभ असो, आणि राग आला असेल तर तोही कळव.
बोशान

—

सानछोंग,
१८ डिसेंबर २००२

चि. बोशान यास,
अ. उ. आ. वि. वि.

आधीच सांगते, आई बरी आहे, घरी आहे, जेवते आहे. आता पुढचं वाच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी माझ्याकडे छापखान्याचा माणूस बसला होता. मी ते न फोडता स्क्रीनच्या बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. त्या संध्याकाळी आई गच्चीवरून उतरताना ओल्या पायरीवरून घसरली. ताटातली वाटी गडगडत खाली आली तेव्हा मी धावले. डावं मनगट मोडलं आहे, प्लास्टर घातलं आहे. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने थोडक्यात निभावलं. दवाखान्यातून आल्यावर तुझं पत्र फोडलं, आणि त्यात लिहिलेलं, जिना ओला असतो. हे मी कुणापुढे बोलू? तुला लिहिते आहे, कारण ऐकून घ्यायला तूच आहेस.

त्याच दिवशी पंखा उलटा केला. बाण आभाळाकडे आहे. खरंच चहा गार झाला नव्हता. धूर आता सरळ वर जातो. मी आईला हात धरून आणलं, दाखवलं, म्हटलं, बघ, बोशानने सांगितलं तसं केलं, आता लाव. तिने बघितलं, मान हलवली, आणि उदबत्ती लावली नाही. तेव्हापासून लावतच नाही, खालीही नाही आणि वरही नाही. मी लावते तेवढीच. मी तिला म्हटलं की चूक आम्हा दोघांची आहे, तू कशाला शिक्षा करून घेतेस. त्यावर म्हणाली, कागद आण, मला माझ्या पोराला, आ-शानला लिहायचंय, आणि तू वाचायचं नाहीस. सोबत बंद पाकीट आहे. मी वाचलेलं नाही.

लोभ असू दे रे. मला त्याची सध्या गरज आहे.
ताई

—

(सोबतचे)

चि. आ-शान यास आईचे अनेक आशीर्वाद.

मला सूच्यिनसारखं नीट लिहिता येत नाही, सांभाळून घे. उजवा हात धड आहे, तेव्हा काळजी करू नकोस. तुम्ही दोघं माझी चूक, तुझी चूक अशी वाटणी करत बसला आहात असं ऐकते. त्यात माझा वाटा राहिला, तो लिहिते.

पंखा सुरू झाला त्या पहिल्याच दिवशी मी पाहिलं की धूर भोकात जातो. मी काही आंधळी नाही. एक शब्द टाकला असता तर सूच्यिनने लगेच बंद केला असता. मी नाही टाकला. मी ह्यांच्यावर रागावले होते. जन्मभर ह्यांच्याकडे काही मागितलं नाही. एवढंच मागितलं की पोराला जवळ ठेवा. ह्यांनी हो म्हटलं, कौल दिला, आणि दुसऱ्या दिवशी तुला समुद्रापार धाडलं. माझ्या मनात आलं, जाऊ दे धूर त्या पत्र्यात. मला एवढं फसवलंत ना, मग तुम्हीही बसा थोडे दिवस रिकाम्या पोटी. भात वाढायची, मासा ठेवायची, लोकांना दिसायला सगळं करायची, आणि जेवायला या असं काही म्हणायची नाही. धूर भोकात जाताना बघत उभी राहायची. मला बरं वाटायचं, आ-शान. तुझ्या आईला ते बघून बरं वाटायचं.

मग थंडी पडली. ह्यांना थंडी सोसायची नाही, पोटात गरम काही नसलं की चिडचिड करायचे. मला राहवेना. सुकवलेला मुळा घालून अंडं केलं, ह्यांच्या आवडीचं. ठेवलं आणि विचारलं, जेवलात का. दोन्ही लाकडं पालथी पडली. नाही. पुन्हा टाकली, नाही. यंत्र जवळ आहे म्हणून असेल, असं वाटून वर गेले, तिथे धूर सरळ जातो. तिथेही नाही. रोज नाही. मी त्यांना उपाशी ठेवलं, आता ते माझ्या हातचं खात नाहीत.

सूच्यिन म्हणते, पंखा उलटा झाला, आता लाव. पण लावून काय म्हणू? माफी मागायची तर मन साफ पाहिजे. माझा राग अजून तिथेच आहे. हो म्हणून तुला पाठवलंच ना त्यांनी? तो राग पोटात ठेवून हात जोडले तर ते खोटं होईल, आणि ते त्यांना कळेल. म्हणून हात उचलत नाही.

मनगट पंख्यामुळे मोडलेलं नाही. तू अंगावर गरम घालत जा.

तुझी आई

—

किन्मेन,
३० डिसेंबर २००२

ती. आईस,
बोशानचा शि. सा. न., पायावर डोकं ठेवून, आणि तू उठ म्हणेपर्यंत न उठता.

हे मी सुट्टीत येऊन तुझ्यासमोर सांगणार होतो. पण तोवर थांबलो तर बाबा आणखी महिनाभर उपाशी राहतील आणि तू त्यांच्याशी अबोला धरून बसशील, म्हणून लिहितो.

बाबांनी तुला फसवलं नाही. चिठ्ठीत किन्मेन निघालंच नाही. चिठ्ठ्या काढायच्या आधी अधिकाऱ्यांनी विचारलं की बाहेरच्या बेटांवर आपणहून कोण जातं, आणि मी हात वर केला. माझ्यावर चिठ्ठी काढायची वेळच आली नाही. बाबा हो म्हणाले ते खरंच म्हणाले असतील. मीच त्यांना शब्द पाळू दिला नाही. घरी आलो तेव्हा तू दारातच उभी होतीस. तुझं तोंड बघून मला खरं सांगवेना आणि चिठ्ठीचं नाव पुढे केलं. ताईला ठाऊक होतं, पण मी तिला शपथ घातली होती, तिला बोलू नकोस.

का गेलो ते विचारशील. बाबांची वाटी तू मांडायचीस आणि उचलायचीस, ते मला सोसत नव्हतं. तुला सोसत होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. मला फक्त माझं दिसलं.

तुझा तो राग बाबांचा नाही, आई. तो माझा आहे. माझ्याकडे पाठव. त्यांना जेवायला बोलाव.

लोभ मागायचा मला हक्क नाही, तरी मागतो.
बोशान

—

सानछोंग,
१२ जानेवारी २००३

चि. आ-शान यास आईचे आशीर्वाद, होते तेवढेच, कमी केलेले नाहीत.

तुझं पत्र मी स्वतः फोडलं आणि चुलीपाशी उभी राहून वाचलं. भात लागला. सूच्यिन वास आला म्हणून आत आली, माझ्याकडे बघून भांडं उतरवलं आणि रडायला लागली. तिला मी बोलले नाही. तिचा चेहराच इतके दिवस बोलत होता, मीच लक्ष दिलं नव्हतं.

मग तिला यंत्र बंद करायला सांगितलं. पंखा आता त्रास देत नाही, ठाऊक आहे मला, पण त्या आवाजात बोलायचं नव्हतं. ह्यांच्या पाटीपुढे उभी राहिले आणि तुझं पत्र मोठ्याने वाचलं. तू हात वर केलास त्या ओळीपर्यंत मी वाचलं, पुढचं सूच्यिनने वाचलं. उदबत्ती लावली. एका हाताने नीट धरता येईना, तिने काडी ओढून दिली. मी ह्यांना म्हटलं की तुमची काही चूक नव्हती, माझी होती, आणि आपल्या पोराची. मुळ्याचं अंडं ठेवलं होतं, भात ठेवला होता. जेवायला या म्हटलं. एवढ्या महिन्यांनी ते शब्द तोंडातून निघाले.

कौल टाकला नाही. सूच्यिन लाकडं घेऊन उभी होती, टाक म्हणत होती. मी नको म्हटलं. पुन्हा नाही आलं तर मला सोसणार नाही, आणि हो आलं तरी मला खरं वाटणार नाही. तू आलास की तू टाक.

तुझ्यावर मी रागावणार आहे. रागावले नाही असं समजू नकोस. माझ्यापासून लांब जायला समुद्र ओलांडलास, आणि मला सांगितलं असतंस तर ती वाटी मी मांडलीही नसती. हे सगळं मी तुला तोंडावर ऐकवणार आहे, आणि तू खाली मान घालून ऐकायचं. पण आलास की आधी जेवायला वाढेन. पोटभर जेव, वाटी पालथी घाल, मग बोलेन. पोटच्या पोराला मी उपाशीपोटी कधी रागावले नाही. ह्यांच्या बाबतीत मी ते केलं, आणि ते आता येऊन जेवले की नाही, हे मला कुणीही सांगू शकत नाही.

तुझी आई